पंपातलं जावळ

ही थाप नाही, आधीच सांगते. माझ्या गहिनीनाथमामाच्या गळ्याची शपथ. आणि मामा माझा सगळ्यांत लाडका आहे, तेव्हा बघा!

साल १९७३. दुष्काळ सरून पहिली दिवाळी झालेली. जागा, मुळा धरणाचा फुगवटा.

आणि रात्र वगैरे काही नाही हं. टळटळीत दुपार. बारा वाजलेले.

मामा तिसगावचा. विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करणारा. किळस म्हणजे काय, ते त्याला ठाऊकच नव्हतं. पाइपात सडलेली घूस अडकली, तर हाताने ओढून काढायचा. मग तोच हात मातीने चोळायचा आणि भाकरी मोडायला बसायचा. आजी म्हणायची, "ह्याला देवानं नाकच दिलं न्हाई."

त्या दिवशी त्याला आसारामने बोलावलं होतं. आसारामचं गाव बोरखेड धरणात बुडालं आणि वस्ती पलीकडच्या टेकाडावर गेली. तिथून सडकेने अलीकडच्या काठाला यायचं तर वीस मैलांचा वळसा. म्हणून त्याने मुंबईहून मोटारबोटीचं जुनं इंजिन आणलं आणि आपल्या लाकडी होडीत मधोमध बसवलं. पण ते सारखं तापायचं.

मामा वस्तीवर पोचला, तर तिथे वेगळंच. आसारामचं पाच दिवसांचं बाळ तापाने फणफणलेलं. दूध ओढेना. समोरच्या काठावर डॉक्टरांची जीप आलेली, ती एक वाजेपर्यंतच थांबणार. गेली की आठ दिवस परत नाही.

"मेस्त्री, इंजिन कसंबी चालवा, पर तेवढं पल्याड न्या," आसाराम हात जोडून म्हणाला.

त्याची आई गोजरबाई आडवी आली. "आज पाचवी हाय! सटवाईची पूजा न्हाई झाली, अन् लेकराला पाण्यावरनं नेता व्हय?"

"आत्याबाई, लेकरूच न्हाई ऱ्हायलं तर कुनाची पूजा करू?" सून पुष्पावती म्हणाली आणि बाळाला घेऊन होडीत चढली. मागोमाग बडबडत गोजरबाईही.

मामाने इकडेतिकडे पाहिलं. "वल्ही कुठं हायेत?"

"इंजिन आल्यावर वल्ही कशाला? चुलीत घातली."

"शाना हायेस!"

इंजिन सुरू झालं. होडीबाहेर एक नळी काढलेली होती. धरणाचं पाणी पंप आत ओढतो, ते इंजिनभोवती फिरतं आणि या नळीतून बाहेर पडतं. धार पडते तोवर इंजिन थंड. धार तुटली की तापलंच.

अर्ध्या पाण्यात आले आणि…

धार तुटली.

मामाने इंजिन बंद केलं. त्याबरोबर बाळाचं रडणंही बंद झालं.

वारा नाही. एक पाखरू नाही. पाणी तेलासारखं निपचित.

"जाळीत शेवाळ आसंल," मामा म्हणाला. पाणी आत येतं तिथे जाळी असते. त्याने ती काढली. शेवाळच होतं, हिरवं, बुळबुळीत. त्याने बोटं आत खुपसली आणि…

केस.

मऊ, बारीक, भुरके केस. हळदीने पिवळे झालेले. त्यांना वास कसला होता माहिती आहे? तान्ह्या बाळाने ओकलेल्या दुधाचा. आंबूस. भर उन्हात नासलेला.

मामाने आयुष्यात पहिल्यांदा नाक धरलं. गोळा पाण्यात भिरकावला, जाळी बसवली, इंजिन सुरू केलं. धार आली. बाळही रडू लागलं.

पाचच मिनिटं. परत धार तुटली, इंजिनमधून वाफ निघाली. परत बंद.

बाळ परत गप्प.

आणि आता त्या शांततेत होडीच्या बुडाखालून आवाज आला…

खर्र… खर्र… खर्र…

"वस्तरा फिरवल्यावानी वाजतंय," पुष्पावती कुजबुजली.

"दगड घासत आसंल," आसाराम म्हणाला.

"दगड? खाली दहा पुरुष खोल पानी हाय!" पुष्पावती म्हणाली.

मामाने पंपाचे चार स्क्रू काढले. आत रबराचा पंखा असतो, पाकळ्यांचा. एखादी पाकळी तुटली असेल, असा त्याचा अंदाज. झाकण उघडलं…

पाकळ्या धड होत्या. पण दिसत नव्हत्या. त्यांच्याभोवती केसांचा दोर गच्च वळलेला. काळे, भुरके, कुरळे, कित्येक लेकरांचे. मामा ओढत गेला, ते निघत गेले. हातभर… दोन हात… मध्येमध्ये टाळूच्या पिवळ्या खपल्या चिकटलेल्या, ओल्या. एक खपली त्याच्या मनगटाला चिकटली ती निघेना. मामा होडीच्या काठावरून वाकून भडाभडा ओकला.

मेलेल्या घुशी काढणारा माझा मामा!

गोजरबाईने तो दोर पाहिला आणि कपाळावर हात मारला. "आगं आई! ही जावळं हायेत!"

बोरखेडात पोरांचे पहिले केस, म्हणजे जावळ, सटवाईपाशी काढत. काढलं की तिच्याच दगडाखाली पुरायचं. पिढ्यान् पिढ्या. गाव उठलं तेव्हा मारुती वाजत गाजत नेला, खंडोबा नेला. सटवाई शिवेबाहेर, बोरीखाली. पुरुषांना वाटलं बाया आणतील, बायांना वाटलं पुरुष आणतील.

कोणीच आणली नाही.

"अन् आपुन आत्ता तिच्या डोक्यावर उभं हावोत," गोजरबाई म्हणाली.

"म्हातारे, गप!" आसाराम ओरडला. पण त्याचे ओठ पांढरे पडले होते.

पुष्पावतीने बाळाच्या नाकाशी बोट नेलं. "मेस्त्री… लवकर करा हो. ह्याचा श्वास लागंना हाताला."

आता फक्त नळी उरली होती. मामाने ती पंपावरून सोडवली. आत काही अडकलंय का, म्हणून करंगळीजवळचं बोट घातलं.

आतून ते कोणीतरी ओढलं.

मऊ. गरम. बिनदातांच्या हिरड्या. चुरूचुरू… चुरूचुरू…

चोखत होतं.

मामाने किंचाळून बोट उपसलं. ते पांढरंफटक, सुरकुतलेलं. त्यावर चिकट लाळेची तार.

गोजरबाईला काय ते कळलं. तिने पाण्यात पदर पसरला. "बाई, चुकलं आमचं! ह्या लेकराला सोड. ह्याचं जावळ तुझं हाय, तुझंच हाय!"

खर्र… आवाज थांबला.

मामाने नळी जोडली, दांडा फिरवला. धार अशी लांब, अशी स्वच्छ पडली की विहिरीचं पाणी म्हणावं. बाळाने टाहो फोडला.

जीप निघतच होती. डॉक्टरांनी बाळ तपासलं. "ताप कुठाय? खणखणीत आहे पोरगा." मग त्यांनी टोपडं काढलं…

पुष्पावतीच्या हातातली दुपटी खाली पडली.

बाळ जन्माला आलं ते डोकं भरून काळ्याभोर केसांनी. वस्तीवरच्या सगळ्या बायांनी पाहिलेलं. आणि आता टाळू गुळगुळीत. अंड्यासारखी. ओरखडाही नाही.

गोजरबाईने जीभ चावली. नवस बोलताना बाया नेहमी म्हणतात, वर्षाचा झाला की देईन. घाईत ती मुदत सांगायलाच विसरली होती.

आता तो पोरगा वर्षाचा झाला. गुटगुटीत आहे, हसरा आहे, मी स्वतः कडेवर घेतलाय. डोक्यावर अजून एक केस नाही. पुष्पावती रोज सकाळी त्याच्या टाळूवर तेल थापते. कोणी म्हणालं माक्याने केस येतात, म्हणून तो खोबरेलात घालून उकळते. तो उग्र हिरवट वास साऱ्या घरात भरलेला असतो.

गेल्या आठवड्यात इंजिन परत तापलं. मामा जाणार नव्हता, पण वस्तीला दुसरी होडी नाही. डोळे मिटून त्याने पंप उघडला.

आत एकाच पोराचे केस होते. काळेभोर. वीतभर वाढलेले.

विंचरलेले.

मामाने ते नाकाशी नेले नाहीत. नेण्याची गरजच नव्हती… उघडल्या उघडल्या होडीभर माक्याच्या तेलाचा वास सुटला.