टाइमप्लीज

रविवार, दोन फेब्रुवारी. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी पडद्यावरचा निळा रणगाडा एक घर पुढे सरकला. त्या वेळी कीबोर्डला कोणाचाही हात लागलेला नव्हता.

रविंद्रने ते वहीत लिहिलं. तो रेल्वेत सिग्नल मेंटेनर होता. बिघाड झाला की आधी वेळ लिहायची आणि मग हत्यारांची पिशवी उचलायची, ही त्याची सतरा वर्षांची सवय. खोलीत तेव्हा तिघंच होते. रविंद्र टेबलाशी बसला होता. त्याचा धाकटा भाऊ दर्शन चाकांच्या खुर्चीत होता, दोन्ही हात मांडीवर, जसे रूपीने सकाळी ठेवले होते तसेच. आणि रूपी दाराजवळ बसून त्याच्यासाठी पेज गाळत होती.

"हलली," रूपी म्हणाली.

"काय?"

"निळी गाडी. तुम्ही हलवली ना?"

रविंद्रचे हात चहाच्या कपाभोवती होते.

चार वर्षांपूर्वी अच्छाडच्या नाक्याजवळ, चेकपोस्टच्या रांगेतून निघालेल्या एका ट्रकने दर्शनच्या स्कूटरला मागून उडवलं. तेव्हापासून तो खुर्चीत होता. डोळे उघडे असायचे. भरवलेलं गिळायचा. खिडकीखालच्या रुळांवरून गाडी गेली की नजर तिकडे वळायची. रूपी त्याचा तळवा पुसायची तेव्हा तिचं बोट किंचित दाबून धरायचा. एवढंच. हात उचलणं नाही, शब्द नाही. डॉक्टरांनी पुढच्या तारखा द्यायचंही थांबवलं होतं.

रविंद्रची बायको निलम वेवजीच्या शाळेत शिक्षिका होती. दर्शनची देखभाल करायला रूपीला तिनेच तिथल्या पाड्यावरून आणलं होतं. वलसाडजवळच्या एका संस्थेत दर्शनसाठी जागा निघाली, तीही निलमनेच शोधली. एक मार्चपासून.

"मला वाईट म्हणा," ती म्हणाली होती. "पण रूपीची कंबर गेली आहे, माझी जायची आहे. तुम्हाला काय करायचंय ते महिन्याभरात करा. त्याने एकदा, फक्त एकदा काही ओळख दाखवली, तर मी जन्मभर करीन. नाही तर नाही."

म्हणून रविंद्रने मशीन बांधायला घेतलं.

त्यांचे वडील विष्णू घोलवडला चिकूच्या वखारीत कारकून होते. वखारीत एक कॉम्प्युटर होता. रविवारी वखार बंद असायची, चावी वडिलांकडे. पंधरा वर्षांचा रविंद्र आणि अकरा वर्षांचा दर्शन तिथे रणगाड्यांचा खेळ खेळायचे. एकाच कीबोर्डवर दोघं. बाणांच्या कळा रविंद्रच्या, लाल रणगाडा त्याचा. डावीकडची चार अक्षरं दर्शनची, निळा त्याचा. खोक्यांतल्या चिकूंच्या वासाने डोकं जड व्हायचं.

शेवटचा डाव अर्धवट राहिला. दर्शनचा निळा रणगाडा एका बोळाच्या टोकाशी कोपऱ्यात अडकला होता आणि बोळाच्या तोंडाशी रविंद्रचा लाल, नळी रोखून. मध्ये मोजून पाच घरं. रविंद्र गोळी झाडणार, तेवढ्यात दर्शनने मूठ ओठांना टेकवली आणि ओरडला, "टाइमप्लीज!"

त्यांचा नियम कडक होता. एकाने टाइमप्लीज घेतली की दुसऱ्याने जागचं हलायचं नाही. घेणाऱ्यानेच मूठ काढून 'सुटली' म्हणायचं. दुसऱ्या कोणी मोडली तर डाव पहिल्यापासून.

त्याच मिनिटाला दारात मालकाची गाडी वाजली. रविंद्रने घाईघाईने डाव सेव्ह केला आणि मशीन बंद केलं. पुढच्या रविवारी मालकाने कुलूप बदललं होतं. पुढे ती घरातली थट्टाच होऊन बसली. भांडण झालं, पैज लागली, लग्नात फोटोला उभं राहायचं झालं, की दर्शन मूठ ओठांशी नेऊन म्हणायचा, "माझी टाइमप्लीज अजून चालू आहे हं, दादा. तू हलायचं नाहीस."

अपघाताच्या दिवशी रविंद्र हॉस्पिटलात पोचला तेव्हा दर्शन बेशुद्ध होता. पण आणलं तेव्हा शुद्धीवर होता, असं नर्सने सांगितलं. चेहऱ्याजवळ हात नेऊन त्याने तिला वेळ विचारली होती. "टाइम प्लीज." तिने घड्याळ बघून सांगितलं, अकरा पन्नास. कागदावर लिहिलं होतं, रुग्णाला वेळेचं भान आहे. डॉक्टर म्हणाले, हे चांगलं लक्षण. रविंद्रने कोणाचीच चूक दुरुस्त केली नाही. दर्शन त्यानंतर बोलला नाही.

वखारीचा तो कॉम्प्युटर भंगारात गेला तेव्हा वडिलांनी त्याची हार्ड डिस्क हट्टाने काढून आणली होती. पंचवीस वर्षं ती कपाटात, फडक्यात गुंडाळून होती. ती चालवायला त्या काळचं मशीन हवं होतं.

"त्या काळचं काही मिळणार नाही, रविंद्रभाई," तलासरीचा अमृत म्हणाला. नाक्यावर त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. "खाऱ्या हवेने सगळे बोर्ड खाल्ले. नवीन घ्यायचं, आणि त्याला पटवायचं की तू जुना आहेस."

"पटेल?"

"माणसाला पटतं ना? लग्नाच्या बायोडाटात जुन्याला नवा म्हणून पटवतात, इथे उलटं."

वापीच्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या ऑफिसातून अमृतने दोन हजार बारा सालचा बोर्ड आणला. त्यावर जुन्या साउंड कार्डाची एक खाच शिल्लक होती. रॅमची एक कांडी त्याने काढून ठेवली. जास्त रॅम दिसली की जुनी विंडोज गोंधळते. काचेचा जाड मॉनिटर अच्छाडच्या एका ढाब्यावर मिळाला. तिथे त्याच्यावर गल्ल्याचा कॅमेरा दिसायचा. पडद्याच्या कोपऱ्यात गल्ल्याची चौकट फिकट उमटून राहिली होती. पहिल्यांदा खेळ सुरू केला तेव्हा नव्या प्रोसेसरवर तो इतका पळाला की रणगाडे डोळ्यांना दिसेनात. अमृतने मशीनचा वेग दाबला, आणखी दाबला, मग जमलं.

फक्त तारीख जमली नाही. खेळाला नव्व्याण्णव सालची तारीख हवी होती, असं अमृतचं मत. बोर्ड दोन हजार बाराच्या मागे जाईना.

"जन्माआधीची तारीख तो घेतच नाही," अमृत म्हणाला. "राहू दे. तसाच चालतोय."

डाव उघडला तसा बोळ दिसला. टोकाशी निळा, तोंडाशी लाल. मध्ये पाच घरं. सेव्ह केलेल्या फाइलवर तारीख होती १४ नोव्हेंबर १९९९, वेळ दुपारी तीन दहा.

मशीन दर्शनच्या समोर ठेवलं. रविंद्रने बाणाची कळ दाबली नाही. टाइमप्लीज दर्शनची होती.

दोन फेब्रुवारीला मग ते एक घर.

सिग्नलच्या कामात एक गोष्ट पक्की असते. बिघाड झाला तर सिग्नल लाल होतो. आपोआप हिरवा कधीच होत नाही. हिरवा झाला, तर कोणीतरी तो केलेला असतो. रविंद्रने कीबोर्ड बदलला. दुसरा कीबोर्ड आणून तोही काढून ठेवला. रुळांवरच्या विजेच्या तारांमुळे काही होत असेल म्हणून तीन दहाच्या आसपासच्या गाड्यांच्या वेळा तपासल्या. मशीन घरच्या विजेवरून काढून इन्व्हर्टरवर घेतलं. रोज ड्युटीवर जाताना ते चालू ठेवलं आणि रूपीला लक्ष ठेवायला सांगितलं. आठवडाभर निळा हलला नाही.

नऊ फेब्रुवारीला, रविवारी, तीन दहाला तो आणखी एक घर पुढे आला. कीबोर्ड तेव्हा कपाटात होता.

या वेळी निलमने पाहिलं.

"ही ओळखच आहे ना?" रविंद्रने विचारलं. "तूच म्हणाली होतीस, एकदा."

"मला भीती वाटतेय," ती म्हणाली.

"तो बाहेर येतोय, निलम. तीन घरं राहिली. बोळाच्या तोंडाशी आला की तो स्वतःच टाइमप्लीज सोडेल."

पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात तारीख होती. १४ नोव्हेंबर १९९९. रविंद्रने अमृतला फोन लावला.

"होऊच शकत नाही," अमृत म्हणाला. मागे ट्रकचे हॉर्न वाजत होते. "रविंद्रभाई, तुम्ही झोपत जा हो जरा."

सोळा तारखेला तिसरं घर. रविंद्रने त्या दिवशी दर्शनचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "ये, ये. मी हललो नाही बघ." संध्याकाळी पेज भरवताना ती दर्शनच्या तोंडातून तशीच बाहेर आली. रूपीने पुसली, पुन्हा भरवली. पुन्हा आली.

मंगळवारी डॉक्टरांनी नाकातून नळी घातली.

तेवीस तारखेला चौथं घर. त्या रात्रीपासून दर्शनची पापणी लवेना. रूपी दर दोन तासांनी त्याच्या डोळ्यांत थेंब घालून बोटाने पापण्या मिटायची. त्या सावकाश परत उघडायच्या.

सोमवारी सकाळी रविंद्र निघायच्या तयारीत असताना ती दारात उभी राहिली. चार वर्षांत ती कधी अशी वाटेत उभी राहिली नव्हती.

"भाऊ, रागवू नका."

"बोल."

"पहिल्या रविवारपासून तो रुळावरच्या गाडीकडं बघत नाय. किती गाड्या गेल्या. दुसऱ्या रविवारी माझं बोट सोडलं. मला वाटलं, थकला असंल. तिसऱ्याला गिळायचं गेलं. काल पापणी गेली." तिने चार बोटं मोजून दाखवली. "निळी एक घर हलते, हिथलं एक जातं. आता श्वास तेवढा राहिलाय."

निलम आतून आली होती. शाळेची पिशवी तिच्या खांद्यावर होती.

"तो बाहेर येतोय," ती हळू म्हणाली. "बरोबर आहे तुमचं. पण इथून."

रविंद्र ड्युटीवर गेला. त्या दिवशी त्याने दोन सिग्नलांचे दिवे बदलले आणि वहीत वेळा नोंदवल्या. संध्याकाळी संस्थेला फोन करून दोन दिवसांची मुदत मागितली. निलमने का म्हणून विचारलं नाही. एक मार्च शनिवार होता. पाचवं घर रविवारचं होतं.

त्याने तेव्हाच मशीन बंद का केलं नाही, हे त्याला नंतर सांगता आलं नाही. चार घरं पार झाली होती. एकच राहिलं होतं. आणि टाइमप्लीज त्याची नव्हती.

दोन मार्च. दुपारचे तीन.

रूपीने दर्शनच्या छातीवर तळवा ठेवला होता. निलम खिडकीशी होती. पडद्यावर निळा लालच्या समोर उभा होता, मध्ये एक रिकामं घर.

तीन पाच. एक मालगाडी गेली. दर्शनची नजर हलली नाही.

तीन आठ.

"अहो," निलम म्हणाली.

रविंद्रने भावाकडे पाहिलं. मग पडद्याकडे. दोन्हीकडे तोच होता, असं त्याला त्या क्षणी वाटलं, आणि दोन्हीकडे अर्धाच.

तीन नऊ. त्याने वाकून मशीनचा प्लग उपसला.

पडदा मध्यभागी एका ठिपक्यात आकसला आणि विझला. कोपऱ्यातली गल्ल्याची फिकट चौकट तेवढी राहिली.

तीन दहा.

"भाऊ," रूपी म्हणाली. तिचा तळवा वर गेला नाही.

निलम खिडकीपासून पुढे आली.

मग तळवा वर गेला. आणि खाली आला.

दर्शन श्वास घेत राहिला. गेलेलं काही परत आलं नाही. पापणी नाही, घास नाही, बोट नाही. सोमवारी संस्थेची गाडी आली. रूपीने त्याचे हात मांडीवर नीट ठेवून दिले.

बुधवारी रविंद्र मशीन घेऊन तलासरीला गेला. अमृतने ते टेबलावर मोकळं केलं. बोर्ड एकीकडे, रॅम एकीकडे, हार्ड डिस्क तिच्या फडक्यात. बोर्डाची बटणाएवढी बॅटरी काढून त्याने परत बसवली आणि दुसऱ्या पडद्याला जोडून दाखवलं. एक जानेवारी दोन हजार बारा.

"बघा," अमृत म्हणाला. "आला जन्मतारखेवर. डाव पहिल्यापासून."

रविंद्रने मान वर केली.

"काय म्हणालास?"

"म्हणजे पुन्हा सगळं नव्याने घालावं लागेल, विंडोज वगैरे. का? काय झालं?"

नऊ मार्च, रविवार. संस्थेतून तिथल्या सेविका वसुमतीबेनचा फोन आला. आवाजात आनंद होता.

"तुमच्या भाईने आज हात उचलला! चार वरसांत पहिल्यांदा ना? आणि बोलले पण. टाइम विचारला."

रविंद्र उभा होता तिथेच उभा राहिला.

"काय शब्द होते?"

"टाइम प्लीज. एकदम चोख. मी लगेच घड्याळ बघून सांगितला ना, तीन दहा. कागदावर पण लिहिलं आम्ही."

"हात," रविंद्र म्हणाला. "हात कुठे आहे त्याचा?"

पलीकडे थोडा वेळ गेला. चपलांचा आवाज आला, मग दार.

"तोंडावर. मूठ आहे. ओठांवर ठेवली आहे." वसुमतीबेनचा आवाज आता खाली आला होता. "भाई, ती निघत नाहीये. आम्ही दोघींनी ओढून पाहिली."

"ओढू नका," रविंद्र म्हणाला.

आज तीस मार्च. मूठ अजून तिथेच आहे.