वर सरकणारं टेबल

"मॅडम... गुडघे."

मी वळून पाहिलं. लेक कडेवर, पर्स खांद्यावरून घसरलेली, आणि आयटीआयच्या वर्कशॉपच्या दारात फिटर शिकवणारे सर — हातात कानस, चेहरा गंभीर. नुकतंच सुरक्षेच्या तासाला मी त्यांच्या शिकाऊ पोरांना घसा कोरडा करून सांगितलं होतं, वजन उचलताना कंबरेत वाकू नका, गुडघे वाकवा. आणि पाळणाघरातून आलेल्या लेकीला मीच कंबरेतून वाकून उचललं होतं. पोरं खाली माना घालून हसत होती.

मी तिथल्या तिथे सूड उगवला. सरांना टेबलावरच्या व्हाइससमोर, लोखंड पकडायच्या शिकंज्यासमोर, ताठ उभं केलं, मूठ हनुवटीखाली धरायला लावली. व्हाइसची उंची बरोबर असेल तर कोपर त्याच्या जबड्याला टेकायला हवं. त्यांचं वीतभर वरच राहिलं.

"रोज इतके वाकता? म्हातारपणी कंबर कोण शेकणार?"

"जागा रिकामी आहे," ते म्हणाले... आणि कानापर्यंत लाल झाले.

मग माझ्या प्रत्येक तासाला ते शेवटच्या बाकावर दिसू लागले. लेक त्यांना ठकठककाका म्हणू लागली. तिचे बाबा ती रांगायच्या आधीच गेले. तेव्हापासून मी गॅस दहादा तपासते, झोपेत तिचा श्वास ऐकत राहते. ती सुट्टीच्या दिवशीही ठकठककाका कुठे, असं विचारू लागली, तशी मी मागच्या दाराने ये-जा सुरू केली.

एकदा त्यांनी तिथेच गाठलं. माझं काही चुकलं का, विचारलं.

"तुमचं नाही. तिला तुमची सवय लागतेय — उद्या तुम्ही निघून गेलात, तर मी तिची समजूत कशी घालू?"

ते मान हलवून आत गेले. ते तसं निघून जाणं मला दिवसभर टोचत राहिलं.

पुढच्या तासाला माझ्या टेबलाशेजारी एक छोटं टेबल होतं, आणि त्याच्याशी लेक चित्र काढत बसलेली. सवयीने मी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. कुठे खरखर नाही. तिचं कोपर बरोब्बर टेकत होतं. लोखंडी पायांना मात्र खालपासून वरपर्यंत भोकंच भोकं, आणि बोल्ट सगळ्यात खालच्या भोकात.

"इतकी कशाला?"

"ती वाढेल तसं वर सरकवायचं. वरच्या भोकापर्यंत येईस्तोवर ती कॉलेजला जाईल."

"आणि सरकवणार कोण... एवढी वर्षं?"

त्यांची मूठ आपोआप हनुवटीखाली गेली.

"पाना माझ्याकडेच राहील म्हणतो. तुमची हरकत नसेल तर."

मी वाकले — गुडघ्यांतून — आणि बोल्ट हाताने तपासला. घट्ट होता.

"राहू दे," मी म्हटलं.