उतारावरचं पिल्लू

भावाचा माहितीपट एका दृश्यावाचून अडला होता. ओहोटीला डॉल्फिन माशांना हाकत चिखलाच्या उतारावर आणतात आणि मागोमाग स्वतःही पाण्याबाहेर झेपावून ते मटकावतात, तेवढंच एक दृश्य! ते टिपायला तो गेल्या हिवाळ्यात या खाडीत एकटाच आला आणि परतलाच नाही. होडी सापडली. होडीत झाकण लावून नीट ठेवलेला कॅमेरा सापडला. त्याला मात्र चिखलानं गिळलं होतं. आता उरलेलं दृश्य घ्यायला त्याची धाकटी बहीण निघाली होती आणि वल्ह्यावर होती त्याची बायको, तिची वहिनी.

आभाळ दाटलेलं, वारा बोचरा. दोन्ही काठांना नुसता काळा चिखल. माणूस दिसेल तर शपथ!

"वन्सं, पाणी उतरतंय," वहिनी म्हणाली. "होडी रुतली तर आपलीही तीच गत."

"जरा थांब ना. त्याचं काम अर्धवट राहायला नको."

"काम! एका चित्रापायी बायको-घर विसरून चिखलात उतरला. असलं कसलं काम?"

वर्षभर बहिणीच्याही मनात हाच राग धुमसत होता.

तेवढ्यात पाण्यावर काळे पर उमटले. पुढं तुटक्या पराची म्हातारी मादी, मागं चौघं, शेवटी एक पिल्लू. त्यांनी रांग धरली आणि माशांचा थवा उताराकडे रेटत आणला. बहिणीनं कॅमेरा रोखला. आता झेपावणार!

पण पिल्लाचा उतावीळपणा नडला. सगळ्यांच्या आधीच ते सुसाट सुटलं आणि पार वर चिखलात जाऊन अडकलं! मासे पांगले. मोठे जागच्या जागी थबकले. म्हातारी उताराखाली घिरट्या घालत शिट्या मारू लागली. पाणी पिल्लापासून लांब लांब जात होतं.

बहिणीनं कॅमेरा बंद केला, खाली ठेवला आणि कमरेला दोर बांधला.

"वन्सं, वेड लागलंय का तुम्हाला?"

"दोर धर, वहिनी!"

होडीतली फळी चिखलावर टाकून ती पोटावर सरपटत निघाली. पिल्लाला दोन्ही हातांनी रेटलं. हललं नाही! पुन्हा रेटलं. फळी निसटली. ती छातीपर्यंत आत गेली! तशीच खांदा लावून तिनं शेवटचा जोर केला आणि पिल्लू घसरत पाण्यात गेलं.

"ओढ!"

वहिनीनं पाय रोवून ओढलं. हाताची सालटी निघाली, तरी सोडलं नाही. अखेर नणंद होडीत येऊन पडली.

आणि तेव्हाच ते घडलं. पुन्हा रांग, पुन्हा माशांची पळापळ आणि एका दमात सगळ्यांची झेप! लाटेबरोबर मासे चिखलावर फडफडले. सगळे डॉल्फिन उजव्या कुशीवर आडवे होऊन मासे उचलत होते, अंग वळवून पाण्यात सटकत होते. या खेपेला पिल्लू म्हातारीला चिकटून होतं. बहिणीचे हात चिखलानं लडबडलेले, कॅमेरा पायाशी. होडीचा तळ खरडू लागला होता.

"चल, वहिनी," ती म्हणाली. "संपला माहितीपट."

मोकळ्या पाण्यात आल्यावर वहिनीनं कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. "झाकण कधी लावलंत?"

"उतरताना. चिखल उडू नये म्हणून."

वहिनीचं वल्हं थांबलं. "त्यानंही लावलं होतं."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. चित्र घ्यायला उतरणारा माणूस झाकण लावून कॅमेरा मागं ठेवत नाही.

"वन्सं," वहिनीचा आवाज फुटला, "त्याचा दोर धरायला कोणी नव्हतं हो!"

आणि वर्षभर न रडलेली ती बाई त्या खाडीत मोठ्यानं रडली.