गारव्याच्या खोलीतले ठोके

कल्पना करा, तुमच्यासमोर एक काळा पडदा आहे. त्यावर चित्र नाही, रंग नाही, नुसती पांढरी अक्षरं. ती म्हणतात, ‘तुम्ही एका ओल्या दगडी दालनात उभे आहात. पूर्वेला लोखंडी दार आहे. कुठेतरी पाणी ठिबकतं आहे.’ आता तुम्ही काय कराल? ‘पूर्वेला जा’ असं टाइप कराल, की आधी पाणी कुठे ठिबकतंय ते शोधाल? घाई नाही, सावकाश ठरवा. आणि ते दार मनात नीट बघून घ्या. शेजारी बसलेल्याच्या मनातलं दार वेगळं असेल, पण दोन्ही दारं बरोबरच.

अशा एका दालनात, सुट्टीतल्या एका मंगळवारी सकाळी, मुंगी एकटीच उभी होती.

मुंगी हे काही तिचं हजेरीपटावरचं नाव नव्हे. ती होती लहानखुरी, आणि सदानकदा काहीतरी ओढत कुठेतरी निघालेली असायची, म्हणून मुंगी. आई इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला. दादा गावातल्या संगणक केंद्रात. दोघं दहाला बाहेर पडली की घर सहापर्यंत मुंगीचं. सुरुवातीला अशा घराची मजा वाटते. तिसऱ्या दिवसापासून फ्रिजची घरघरसुद्धा ऐकू यायला लागते.

त्या खेळाचं नाव ‘भुयार’. संगणक केंद्रातल्या कुणीतरी तो फार वर्षांपूर्वी लिहिला होता आणि गावातली निम्मी माणसं घरबसल्या तो खेळत. मुंगीला वाचता येत नव्हतं तेव्हा दादा तिला मांडीवर घेऊन एकेक ओळ वाचून दाखवायचा आणि विचारायचा, “बोला राणीसाहेब, उजवीकडे की डावीकडे?” राणीसाहेब म्हणतील तिकडे तो जायचा. दोनदा तर सरळ विहिरीत गेला.

आता त्याच दादाने भुयाराला चित्रं दिली होती. साधी नव्हेत, त्रिमितीय. भिंतींना खोली, मशालींना ज्योत, मान वळवली की आख्खं दालन वळणार. गेले दहा दिवस भुयार दोन्ही तऱ्हांनी चालू होतं, वाटा मात्र दोन्हींकडे नव्या चित्रांतल्याच; पण येत्या शनिवारी अक्षरांचा जुना पडदा कायमचा बंद होणार होता.

मुंगीची पंचाईत अशी, की तिच्या वाट्याला दादाचा जुना संगणक आला होता. त्यावर चित्रं आजारी गोगलगायीसारखी चालत. शेजारचा भोपू आणि त्याची बहीण शेपूट दोघंही चित्रांत राहायला गेले. भोपूचा आवाज तीन घरं ओलांडून जाई. शेपूट नऊ वर्षांची, आणि भोपूच्या मागे ती नाही असा दिवस उगवला नव्हता. मुंगीला पडद्यावर दिसायचं, ‘भोपू इथे आहे. शेपूट इथे आहे.’ ती लिहायची, ‘मी पण आहे.’ पण चित्रात अक्षरं वाचतो कोण? ‘भोपू गेला. शेपूट गेली.’

शनिवारनंतर तेवढंही दिसणार नव्हतं.

त्या मंगळवारी सात कमानींच्या दालनात ती नुसतीच उभी होती. आणि पडद्यावर एक ओळ उमटली.

‘उत्तरेच्या भिंतीपलीकडून ठोके ऐकू येतात. ठक. ठक. ठक. ठक. ठक. ठक. ठक.’

मुंगीने टाइप केलं, ‘ऐक.’

‘ठक. ठक. ठक.’

तिने भोपूला फोन केला.

“कुठल्या भिंतीत? मी तिथेच आहे,” भोपू म्हणाला. “छान शेवाळ आहे. ठोके-बिके काही नाहीत.”

“माझ्याकडे येतायत.”

“तुझा डबा जुना झालाय गं. भूक लागली असेल त्याला.”

मागून शेपटीचा आवाज आला, “भिंतीत कोण राहतं?”

“पाल,” भोपू म्हणाला.

संध्याकाळी मुंगीने दादाला विचारलं. तो बुटांच्या नाड्या सोडत होता.

“जुन्या प्रोग्रॅममधली घाण असेल,” तो म्हणाला. “शनिवारी सगळीच जाईल, काळजी करू नकोस.”

“पण आत कुणी असलं तर?”

“मुंगे, भिंतीच्या आत कोण असणार? मीच बांधल्या ना भिंती.”

मोठी माणसं अशी खात्रीने बोलली, की लहानांनी दोनपैकी एक गोष्ट करायची असते: गप्प बसायचं किंवा वही काढायची. मुंगीने वही काढली. चौकोनी रेघांची, तीन वर्षांपूर्वीची. तिच्यात तिने भुयाराचा नकाशा काढला होता. सात कमानींच्या दालनाच्या उत्तरेला एक लहानसा चौकोन होता. आत लिहिलं होतं, ‘गारव्याची खोली’.

तिला सगळं आठवलं. त्या खोलीला दार नव्हतंच. अक्षरं म्हणायची, ‘उत्तरेच्या भेगेतून गार वारा येतो,’ आणि आपण लिहायचं, ‘वाऱ्यामागे जा.’ मग अंग चोरून पलीकडे निघायचं.

तिने लिहिलं, ‘वाऱ्यामागे जा.’

‘तिकडे वाट नाही.’

बुधवारी सकाळी भोपू आणि शेपूट तिच्या घरी आली. बातमी ऐकून नव्हे, त्यांच्याकडची वीज गेली होती म्हणून. पण आली ती पडद्यासमोरच बसली. भुयाराचा जुना नियम असा, की भिंतीतून शब्द जात नाहीत, ठोके जातात. भोपू मोजत होता आणि मुंगी लिहीत होती.

“सात. मग तीन. मग... दहा. मग एक.”

“दहा कशाला असेल?”

“हात दुखेपर्यंत मारत असेल,” भोपू म्हणाला.

थोडा वेळ शांतता. मग पुन्हा सात, तीन, दहा, एक, आणि पुढे सहा गट. अर्ध्या तासात तेच दहा आकडे त्याच क्रमाने तीनदा आले. तिघांची डोकी वहीवर टेकली.

“तिजोरीची खूण असेल,” भोपू म्हणाला.

“मंत्र,” मुंगी म्हणाली, पण तिचं तिलाच पटलं नाही.

शेपूट जमिनीवर पालथी पडून पाय हलवत होती. “दहा आकडे तर बाबांच्या फोनला असतात,” ती म्हणाली. “दहा ठोके म्हणजे शून्य. शून्य ठोके कसे मारणार?”

भोपूने बहिणीकडे जरा नव्याने पाहिलं.

अनोळखी नंबरावर मुलांनी एकट्याने फोन करू नये हे मुंगीला माहीत होतं. संध्याकाळपर्यंत थांबणं जिवावर आलं, तरी ती थांबली. आईने हात पुसले, वहीतला नंबर लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा फोन टेबलावर ठेवला.

“हॅलो,” एक जाडसर आवाज म्हणाला.

“आमची मुलगी म्हणते, तुम्ही भिंतीत आहात,” आई म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळून गोरीमोरी झाली.

पलीकडून तो माणूस म्हणाला, “अकरा दिवस ठोकतोय हो. शेवटी कान असलेलं कुणीतरी निघालं.”

तो माणूस पियानो सुरात लावायचं काम करी. गुरुवारी कामावर जाताना आईने तिघांना त्याच्या कार्यशाळेत सोडलं. खोलीत पियानोचं झाकण उघडं होतं, तारांमधून आवाज दाबायच्या लोकरीच्या पट्ट्या ओवलेल्या होत्या, आणि दिवा बंद होता. शेपटीने तो लावला.

“दिवा लावलास का? लाव, लाव. तुम्हाला लागतो,” काका म्हणाले. त्यांना दिसत नव्हतं.

कोपऱ्यात त्यांचा संगणक होता. पडद्यावर येणारी अक्षरं तो मोठ्याने बोलून दाखवी. तसं ऐकत काका अठरा वर्षं भुयारात हिंडले होते.

“गारव्याच्या खोलीत मी रोज दुपारी जाऊन बसायचो,” ते म्हणाले. “त्या दिवशी बाहेर यायला निघालो, तर वाट नाही. आता शनिवारी अक्षरंच बंद. मग नुसती ती खोली नाही, सगळं भुयारच गेलं माझं. या गावात मला वाट न विचारता फिरता येतं अशी ती एकच जागा आहे रे.”

“केंद्राला फोन करायचा ना,” भोपू म्हणाला, आणि आश्चर्य म्हणजे हळू आवाजात.

“केला की. तिथलं यंत्र म्हणालं, तक्रार संकेतस्थळावर लिहा. संकेतस्थळ म्हणालं, तुम्ही माणूस आहात हे आधी सिद्ध करा. कसं? तर खालच्या नऊ चित्रांतली दारं ओळखा.” काका हसले. “तिथे मी नापास झालो.”

मुंगी हसली नाही. अकरा दिवस ठोकत राहायचं आणि पलीकडे कुणी आहे की नाही हेही माहीत नसायचं, म्हणजे काय हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

केंद्रात ती मुलं दुपारी पोचली. दादा जेवायला गेला होता. त्याच्या टेबलावर कागद चिकटवलेला होता, त्याच्याच अक्षरात: ‘प्रत्येक खोलीच्या मजकुरात शोधणे – दार, कमान, जिना, भोक. सापडल्यास वाट ठेवणे. न सापडल्यास भिंत.’

मुंगीने तो दोनदा वाचला. म्हणजे दादाने खोल्या वाचल्याच नव्हत्या. चारशे खोल्या वाचायच्या कुणी? त्याने यंत्राला चार शब्द शोधायला लावले. जिथे वाट वाऱ्याची होती, वासाची होती, पाण्याच्या आवाजाची होती, तिथे यंत्राला दार सापडलं नाही आणि त्याने निमूटपणे भिंत बांधली.

“जाऊन सांगू या सरांना,” भोपू म्हणाला.

“आपलं कोण ऐकणार? दादानेही नाही ऐकलं,” मुंगी म्हणाली. मग ती जरा वेळ नख चावत राहिली. “सांगायचं नाही. त्यांनाच चालायला लावायचं.”

केंद्राचे प्रमुख, त्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणत, शुक्रवारच्या समारंभाच्या तयारीत होते. मुंगी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. “सर, गावातले सगळ्यात जुने खेळाडू आम्हाला सापडलेत. अठरा वर्षं खेळतायत. चित्रांतलं पहिलं पाऊल त्यांच्या हस्ते टाकलं तर?”

“वा,” सर म्हणाले. “फोटो चांगला येईल.”

यात एकही शब्द खोटा नव्हता, हे लक्षात घ्या.

शुक्रवारी दुपारी केंद्राचं मोठं दालन माणसांनी भरलं. काका भोपूच्या खांद्यावर हात ठेवून आले. सरांना वाटलं, वयामुळे आधार घेतायत. त्यांनी काकांना खुर्चीत बसवलं. भल्यामोठ्या पडद्यावर भुयार झळकत होतं.

“काय आहे समोर?” काकांनी विचारलं.

“बघा ना,” सर म्हणाले.

“तुम्हीच बघा माझ्यासाठी. मला दिसत नाही.”

सरांच्या हातातला हार हातातच राहिला. “समोर... सुंदर दालन आहे. फारच सुंदर.”

“सुंदर म्हणजे किती पावलं?”

मागे कुणीतरी हसलं आणि गप्प झालं. सरांनी दादाकडे पाहिलं.

“उत्तरेच्या भिंतीपाशी न्या मला,” काका म्हणाले. “तिथून गार वारा येतो. तो कुठे आहे?”

दादा पुढे झाला. त्याने चित्रातलं दालन फिरवलं. शेवाळ होतं, भिंत होती. वारा त्याने काढलाच नव्हता.

“इथे वारा नाही,” तो हळूच म्हणाला.

“आहे,” मुंगी म्हणाली. सगळी माणसं तिच्याकडे बघायला लागली, तसा तिचा आवाज बारीक झाला, पण थांबला नाही. “मजकुरात आहे, दादा. दार नाही, वारा आहे. तू वाचलं नाहीस. काका तेरा दिवस त्या भिंतीमागे अडकलेत. मी तुला मंगळवारी सांगितलं होतं.”

दादाने जुना मजकूर उघडला आणि उभ्याउभ्याच वाचला. त्याचे कान लाल झाले. मग तो खुर्ची ओढून बसला आणि समारंभ, सर, पाहुणे सगळं विसरून त्याने यंत्राने भिंत घातलेली एकेक खोली वाचायला घेतली. अशा बुजलेल्या वाटा अकरा निघाल्या. पहिली त्याने तिथल्या तिथे उघडली.

काकांसाठी अक्षरांचा पडदा लावला आणि त्याला आवाज दिला. काकांची बोटं कळांवर सराईतपणे फिरली. यंत्र सगळ्यांदेखत म्हणालं, ‘तुम्ही अंग चोरून भेगेतून बाहेर येता. तुम्ही सात कमानींच्या दालनात आहात.’

टाळ्या वाजल्या. सरांनी तो हार शेवटी शेपटीच्या गळ्यात घातला, कारण तीच सगळ्यात पुढे उभी होती. “अक्षरांचा पडदा बंद होणार नाही,” ते म्हणाले. “आणि तक्रारीला उद्यापासून माणूस फोन उचलेल. या मुलांनी आमचे कान उपटले, बरं झालं.” भोपूने हे वाक्य संध्याकाळपर्यंत तीन गल्ल्यांत पोचवलं.

दादाने मुंगीच्या डोक्यावर हात ठेवला. “तुझं ऐकायला हवं होतं,” तो म्हणाला. “पूर्वी ऐकायचो.”

“विहिरीतसुद्धा जायचास,” मुंगी म्हणाली.

निघताना काकांनी सहज विचारलं, “चित्रांत नव्या खोल्या केल्यायत म्हणे?”

“चौतीस,” दादा म्हणाला, आणि एकदम थांबला. त्या खोल्यांना मजकूर नव्हता. एक शब्दही नाही.

माणसं पांगली. भोपू आणि शेपूट खेळायला निघाली. त्यांनी मुंगीला हाक मारली. ती म्हणाली, “तुम्ही व्हा पुढे.” दादा उरलेल्या वाटा उघडण्यात बुडाला होता. मोठ्या पडद्यासमोरची खुर्ची रिकामी होती. मुंगी तिच्यात चढून बसली आणि पहिल्या नव्या खोलीत गेली.

मशाली जळत होत्या. छत उंच होतं, निळसर. तिच्या मनातल्या कुठल्याच खोलीसारखी ती नव्हती, आणि तिथे दुसरं कुणीही नव्हतं. तिने वही उघडली. ‘खोलीत मशालींचा पिवळा उजेड आहे,’ असं लिहिलं. वाचलं, आणि खोडलं. डोळे मिटून ती थोडा वेळ तशीच बसली.

मग तिने लिहिलं, ‘तुम्ही आत येता. डाव्या गालाला मशालीची धग लागते.’