तिच्या नावाची चिठ्ठी

दवाखान्यात तिला सगळे सुईताई म्हणत. सुई कधी टोचली ते कळतसुद्धा नाही, अशी तिची ख्याती. पोरं रडायचं विसरून तिच्या तोंडाकडे बघत बसत. त्या सकाळी मात्र तिला सख्ख्या नवऱ्याची शीर सापडेना.

सापडणार कशी? न्याहारी अर्धी टाकून तो बाथरूममध्ये धावला होता आणि भिंतीवर कपाळ आपटायला लागला होता. ती आवरायला गेली, तर त्याने तिला असं भिरकावलं की बेसिनवर आपटून कोपर काळंनिळं झालं. टाइल तडकली, रक्ताचा ओघळ हनुवटीपर्यंत आला, तेव्हा कुठे तो थांबला.

"मी नाही गं आपटत," तो हुंदके देत म्हणाला. "भुवईच्या मागे कुणीतरी आहे. आतून धडका मारतंय."

सायनसचं दुखणं जुनंच. नाक कायमचं चोंदलेलं, वास तर केव्हाच गेलेला. कांदा काय नि अत्तर काय, त्याला सारखंच. धडका मात्र नव्या होत्या. सर्जननी स्पष्ट सांगितलं होतं, "अंगातली सूज उतरल्याशिवाय मी आत हत्यार घालणार नाही. रक्तस्राव आवरणार नाही." आज रक्ततपासणीत सुजेचा आकडा चांगला आला तर उद्या ऑपरेशन. नाही आला, तर घरात भिंतींना काय तोटा होता?

रक्त काढून तिने त्याला नणंदेबरोबर घरी धाडलं आणि कामाला लागली. रक्त उभ्या काचेच्या नळीत भरून तासभर ठेवायचं. लाल भाग खाली बसत जातो. जितका भरभर बसेल तितकी अंगात सूज जास्त. त्यांच्या लॅबचा एक शिरस्ता होता. रुग्णांच्या नळ्यांशेजारी रोज एका धडधाकट कर्मचाऱ्याची नळी लावायची, म्हणजे तुलना करता येते. आज पाळी तिची होती.

तिची नळी शहाण्यासारखी उभी होती. त्याच्या नळीतलं लाल मात्र धक्क्याधक्क्याने उतरत होतं. ठण्. बोटभर खाली. पुन्हा ठण्. टेबल डगमगत असेल म्हणून तिने स्टँड उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. तिथेही तेच.

फोन वाजला. "वहिनी, दादा पुन्हा आपटतोय! मला नाही आवरत!" नणंद किंचाळत होती. तिच्यामागून धडक ऐकू आली.

त्याच क्षणी नळी वाजली. ठण्.

सुईताईला भीती वाटायला हवी होती. तिला आला संताप. "उद्या तुला फाडून बाहेर काढते," ती नळीला म्हणाली, आणि उभ्या नोकरीत जे केलं नव्हतं ते केलं. दोन्ही नळ्यांवरच्या नावाच्या चिठ्ठ्या सोलून त्यांची अदलाबदल केली. तिचं निरोगी रक्त त्याच्या नावावर. त्याचं तिच्या.

नळी थांबली. फोनमधल्या धडकाही थांबल्या.

मग नवऱ्याचा आवाज आला, मोकळा, कितीतरी वर्षांनी नाकात न अडकलेला. "अगं, वास येतोय! साबणाचा वास येतोय मला!"

ती तोंडात पदर कोंबून रडली. मग डोळे पुसून टेबल पुसायला स्पिरिटची बाटली उघडली.

वास आला नाही.

तिने बाटली नाकाशी धरली. खोल श्वास घेतला. पाणी हुंगावं तसं.

कट्ट्यावर तिच्या नावाची नळी वाजली. ठण्.

घरी पोचली तेव्हा नवरा कपाळाला पट्टी बांधून गाढ झोपला होता. ती बाथरूममध्ये गेली. त्याच्या उंचीवरची टाइल सकाळी तडकलेली होती, तिच्यावरचं रक्त वाळून काळं पडलं होतं.

तिच्याखाली, वीतभर अंतरावर, दुसरी एक टाइल तडकली होती.

"ही कधी फुटली?"

"कोणती?" नणंद दारातून डोकावली. "फोननंतर इकडे कुणी फिरकलंच नाही, वहिनी."

सुईताई भिंतीला खेटून उभी राहिली. तडा बरोबर तिच्या कपाळासमोर आला. तिने आरशात पाहिलं. कपाळावर साधा ओरखडाही नव्हता.

या टाइलवरही रक्त होतं. पुसायला तिने हात लावला. ते अजून कोमट होतं.