जुन्या डब्याचा हिरवा दिवा

"काका, कम्प्युटरला हात लावायचा नाही!" ठिणगी इंटरनेटवाल्याला आडवी आली.

सुट्टीत आत्याकडे आलेल्या या पोरीला ठिणगी हे नाव उगाच पडलं नव्हतं! आत्याने वर्षभर खपून केलेली कार्टून फिल्म त्या कम्प्युटरमध्ये होती. पाचच्या आत ती स्पर्धेला पाठवायची होती, आणि सकाळी याच काकांनी नवा राउटर बसवल्यापासून कम्प्युटरला नेटच नव्हतं.

"कम्प्युटरमधलं नेटचं कार्ड मेलंय," इंटरनेटवाला जांभई देत म्हणाला. "मोबाइल चालतायत, म्हणजे राउटर ठणठणीत. मशीन दुकानात नेतो. उद्या बघू."

"उद्या? अहो, आज शेवटचा दिवस!" आत्याचा चेहरा उतरला. ती अवाढव्य फाइल मोबाइलमध्ये मावतही नव्हती.

ठिणगीने कम्प्युटरमागे डोकं घातलं. कार्डात नेटची वायर खोचली होती तिथे इवलासा हिरवा दिवा लुकलुकत होता.

"काका, मेलेल्या कार्डाचा दिवा लागतो?"

"मोठ्यांच्या कामात लुडबुड नको!"

झालं! उत्तर सुचलं नाही की मोठी माणसं हेच वाक्य तोंडावर फेकतात. ठिणगीच्या नाकाचा शेंडा लालेलाल झाला.

"टोळ, चल!"

टोळ म्हणजे आत्याचा लंबूटांग मुलगा. वायरीचा माग काढत दोघं टेबलाखालून निघाले आणि भिंतीपलीकडे हॉलमध्ये पोचले. नवा राउटर टीव्हीशेजारी मिरवत होता. वायर मात्र त्याच्याकडे फिरकलीच नव्हती! ती थेट पडद्यामागे घुसली होती.

टोळने पडदा ओढला. "अगं, हा तर जुना राउटर! दिवे चालू, पण बाहेरून येणारी लाइनच नाही. ती नव्यात गेली!"

"आणि आपली वायर इथेच राहिली! तू थांब. मी ओरडले की या जुन्या डब्याचा प्लग उपट."

ठिणगी धावत आत गेली. "काका, कार्डाच्या दिव्याकडे बघा. टोळ, उपट!"

दिवा विझला.

"लाव!"

दिवा लागला.

"कार्ड जिवंत आहे, काका! बिचारं सकाळपासून रिकाम्या डब्याशी बोलतंय. त्याची वायर नव्या राउटरला लावायची कोण विसरलं?"

इंटरनेटवाला कानापर्यंत लाल! टोळने वायर नव्या राउटरमध्ये खोचली. खट्! नेट आलं. पाचच्या ठोक्याआधी आत्या किंचाळली, "गेली! फिल्म गेली!" तिने दोघांना घट्ट कवटाळलं. "पोरांनो, आज तुम्ही माझं वर्ष वाचवलंत!"

"चूक माझीच," इंटरनेटवाला पुटपुटला. "पोरगी हुशार आहे हो."

ठिणगीने जुना डबा त्याच्या हातात कोंबला. "दुकानात काहीतरी न्यायचं होतं ना, काका? हा न्या!"