पहाटेची झिप

"बाई, आज परत आली."

पार्सलताईचा फोनवरचा आवाज इतका बारीक होता, की तपासनीस बाईंना पुन्हा विचारावं लागलं.

"काय आली?"

"थोरल्यांची झिप. पहाटे. त्यांच्याच नावाने."

थोरल्यांना जाऊन तीन आठवडे झाले होते.

आता इथे जरा थांबून सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. ही कंपनी दोन भावांची. दवाखान्यात पेशंटला ऑक्सिजन देणारी जी यंत्रं असतात, त्यांचा प्रोग्रॅम ते बनवायचे. थोरला भाऊ प्रोग्रॅम लिहायचा, धाकटा कारभार बघायचा. ऑफिसात कोणी त्यांना नावाने हाक मारत नसे, थोरले आणि धाकटे एवढंच. प्रोग्रॅमच्या सगळ्या फाईली एका रेपोत ठेवलेल्या. रेपो म्हणजे फाईलींचं कोठार, पण काही न विसरणारं. काही बदल केला की त्याची नोंद होते आणि प्रत्येक नोंदीला एक लांबलचक नंबर मिळतो. दवाखान्याला प्रोग्रॅम पाठवायचा तर त्या कोठारातून सगळ्या फाईली काढून, दाबून, त्यांची एक झिप बांधायची. हे काम ऑफिसातल्या एका तरुण मुलीचं. दिवसभर झिपा बांधून पाठवते म्हणून तिचं नाव पडलं पार्सलताई.

दोन महिन्यांपूर्वी एका दवाखान्यात भरदुपारी एका बाळंतिणीचा ऑक्सिजन उतरला आणि यंत्र गप्प बसलं. अलार्म वाजलाच नाही. ती बाळंतीण दगावली. चौकशीवाल्यांनी दवाखान्यातली झिप उघडली, तर आत सगळ्या फाईली होत्या, फक्त अलार्मची नव्हती. ती फाईल सापडली नाही तर यंत्र कुरकुर करत नाही, अलार्मशिवाय चालू राहतं.

अलार्मची फाईल लिहिली होती थोरल्यांनी. रेपोत ती होतीही, अपघाताच्या आधीची तारीख मिरवत. पण धाकट्यांनी जबाबात एक गोष्ट सांगितली आणि सगळं फिरलं. ते म्हणाले, आमच्या धंद्यात काम दोन पायऱ्यांनी होतं. आधी माणूस स्वतःच्या कॉम्प्युटरवर नोंद करतो, मग ती नोंद ऑफिसच्या रेपोत पाठवतो. तारीख दिसते ती नोंद केल्याची, पाठवल्याची नाही. दादाने नोंद वेळेवर केली, पण पाठवायला विसरला. अपघात झाल्यावर गुपचूप पाठवली.

असं विसरणं या लोकांत रोजचं आहे. म्हणून सगळ्यांना ते पटलं. वाईट म्हणजे थोरल्यांनाही पटलं. "पाठवली होती असं वाटतंय," एवढंच ते जबाबात म्हणू शकले. पुढे एका दुपारी आपल्या खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचं हृदय बंद पडलं.

तपासनीस बाईंचा अहवाल तयार होता. दोषी म्हणून थोरल्यांचं नाव. सही तेवढी बाकी होती आणि ती आज संध्याकाळी व्हायची होती. बाईंना भुताखेतांवर विश्वास नव्हता, पण सही करताना मेलेला माणूस पत्रं पाठवतोय हे काही त्यांच्या पचनी पडेना. त्या उठल्या आणि निघाल्या.

ऑफिस म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या चार खोल्या. आत शिरताच बाईंना जाणवलं, की इथे सगळे हळू बोलतात. थोरल्यांची खुर्ची खिडकीपाशी तशीच होती, पाठीवर स्वेटर. जाणारा येणारा तिच्यापासून हातभर लांबून जात होता.

पार्सलताईने मेल दाखवली. मजकूर दोन वाक्यांचा. "झिप तयार आहे. उघडून बघा." खाली जोडलेली झिप.

"हे कधीपासून?"

"अपघातानंतर सुरू झालं. आम्हाला वाटायचं, ते पहाटे येऊन हाताने करतात. लवकर यायची सवयच होती त्यांना. पण ते गेले आणि..." तिने वाक्य सोडून दिलं.

"त्यांचा कॉम्प्युटर?"

"धाकट्या साहेबांनी स्वतः वायर उपटली. तरी दुसऱ्या दिवशी आलीच."

"कोणी उघडून बघितली?"

पार्सलताईने बाईंकडे असं बघितलं, जणू तिला स्मशानात जेवायला बोलावलंय. नाही, कोणीच नाही. आली की डोळे मिटून पुसून टाकायची, असं सगळ्यांचं ठरलेलं. मग मान खाली घालून ती आणखी एक गोष्ट बोलली. दवाखान्याची ती झिप तिच्याच हातची होती. बटण दाबायचं, झिप होते, पाठवायची. थोरले नेहमी ओरडायचे, की पाठवण्याआधी उघडून बघत जा. तिने कधी बघितलं नव्हतं.

"मला झोप लागत नाही हो, बाई," ती म्हणाली.

बाईंनी तिला पाणी आणायला पाठवलं. पोरगी खोटं बोलत असेल तर फार चांगलं बोलते, असं त्यांच्या मनात आलं. दवाखान्याची झिप बांधणारा हात हिचा, हे त्या विसरल्या नव्हत्या.

धाकटे त्यांच्या केबिनमध्ये होते. दाढी वाढलेली, डोळे लाल. टेबलावर चौकशीच्या पंचनाम्याची प्रत, कोपरे मुडपलेली. माणूस खरंच घाबरलेला होता, सोंग नव्हतं ते.

"तुम्ही हसाल," ते म्हणाले, "पण सामानाच्या खोलीत कोणीतरी घोरतं. दादा दुपारी तिथेच पडायचा. परवा मी दारापाशी उभा होतो. बारीक, एकसारखा आवाज."

"आत गेलात?"

"छे."

"आणि ही पहाटेची झिप? कोण पाठवत असेल?"

"कोण पाठवणार? ती दवाखान्याच्या झिपेपेक्षा जड असते, बाई. थोडीशीच, पण जड. त्याच्या मनावर काहीतरी ओझं राहिलंय. तुम्ही सही करून टाका म्हणजे तो सुटेल, आम्हीही सुटू."

बाईंनी मान डोलावली आणि सामानाच्या खोलीचं दार विचारलं.

खोलीत जुने खोके, मोडके पंखे, एक गादी. आणि खरंच, बारीक घरघर येत होती. बाईंचा हात दाराच्या कडीवर क्षणभर अडखळला, हे कबूल करायला हवं. मग त्या नाकावर रुमाल धरून आत शिरल्या. भिंतीतल्या कपाटाच्या दाराला त्यांनी तळहात लावला. दार कोमट होतं.

कपाटात खोक्यांच्या मागे एक जुनापुराणा कॉम्प्युटर चालू होता. त्याचा पंखा घोरत होता. थोरल्यांनी तो लावून ठेवला होता, रोज पहाटे ऑफिसच्या रेपोतून आपोआप एक झिप बांधायची आणि सगळ्यांना पाठवायची. बंद कर म्हणून सांगणारा माणूस गेला, यंत्राला कोण सांगणार? ते बिचारं आपलं काम करत राहिलं.

भूत सापडलं. बाईंना हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. अपघातानंतर एका माणसाने हे यंत्र इथे लपवून का लावावं? तो कोणाला काय उघडून बघायला सांगत होता?

खोक्यावर बसून त्यांनी पहाटेची झिप उघडली. आतल्या प्रत्येक फाईलीवर एकच तारीख, एकच वेळ. अपघाताच्या आधीची, थोरले जिवंत असतानाची. मग त्यांनी दवाखान्याच्या झिपेची प्रत उघडली, ती त्यांच्याजवळ होतीच. तिथेही प्रत्येक फाईलीवर तीच वेळ.

बाईंनी दोन्ही झिपा शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघितल्या. मग अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी आपल्या खात्याने सील करून नेलेला कॉम्प्युटर मागवून घेतला, ज्यावर पार्सलताई झिपा बांधायची. आणि थोरल्यांच्या बायकोला निरोप धाडला.

दुपारी चौघं थोरल्यांच्या टेबलाभोवती जमली. वहिनी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्या खुर्चीत बसा असं कोणी म्हणालं नाही.

"तुम्हाला काय सांगितलंय, ते मला माहीत आहे," बाई त्यांना म्हणाल्या. "तुमच्या नवऱ्याच्या विसराळूपणाने एक बाळंतीण गेली."

"त्या बाळाच्या आजीला भेटायचं होतं मला," वहिनी म्हणाल्या. "दोनदा दारापर्यंत गेले. कोणत्या तोंडाने आत जाऊ?"

बाईंनी सांगायला सुरुवात केली. आधी कपाटातलं यंत्र, म्हणजे भुताचा विषय मिटला. पुन्हा कुठली फाईल सुटू नये, रोज कोणीतरी झिप उघडून बघावी, म्हणून थोरल्यांनीच ते लावलं असणार. पार्सलताईने सुस्कारा सोडला. धाकट्यांनी मात्र सोडला नाही.

"आता झिपेचं बघा. रेपोतून झिप बांधली, की ती कुठल्या नोंदीवरून बांधली तो नंबर तिच्या पोटात आपोआप लिहिला जातो. आतल्या फाईलींवर वेळही त्या नोंदीचीच पडते, झिप कधीही बांधा. म्हणून मेलेल्या माणसाच्या झिपेवर जिवंतपणाची वेळ. आणि नोंदीचा नंबर हवा तसा घालता येत नाही. तो आतल्या मजकुरावरूनच निघतो. एक फाईल वाढली, एक अक्षर बदललं, की नंबर बदलला."

त्या धाकट्यांकडे वळल्या.

"तुमचं म्हणणं, दवाखान्याची झिप बांधली तेव्हा अलार्म ऑफिसच्या रेपोत नव्हता. नंतर आला. मग दवाखान्याच्या झिपेचा नंबर एक आणि आजच्या पहाटेच्या झिपेचा वेगळा असायला हवा. बरोबर?"

"हो."

"दोन्ही नंबर एकच आहेत."

बाईंनी दोन्ही झिपांचे नंबर त्यांच्यासमोर धरले.

"म्हणजे ती झिप बांधली, तेव्हा अलार्म रेपोत होता. थोरल्यांनी नोंदही केली होती आणि पाठवलीही होती. मग एकाच नोंदीवरून बांधलेल्या दोन झिपांत फरक कसा? एकीत अलार्म आहे, दुसरीत नाही. रेपो तोच, नोंद तीच. वेगळा आहे तो फक्त बांधणारा कॉम्प्युटर."

पार्सलताईचा चेहरा पांढरा पडला. "बाई, मी नुसतं बटण..."

"माहीत आहे. झिप बांधताना अमुक फाईल वगळ, हे सांगायच्या दोन जागा असतात. एक रेपोत, ती सगळ्यांना दिसते, तिची नोंद होते. दुसरी त्या एकाच कॉम्प्युटरच्या पोटात, तिची नोंद रेपोत होत नाही. तुमच्या कॉम्प्युटरवर त्या दुसऱ्या जागी मला एक ओळ सापडली. अलार्मची फाईल वगळा. आमच्या सीलमुळे ती पुसायला कोणाला मिळालीच नाही."

"कोणी लिहिली?" वहिनींनी विचारलं.

"तिथे तिघांची खाती आहेत. तुमच्या नवऱ्याचं, पार्सलताईंचं आणि यांचं. कुठली फाईल कोणाच्या खात्यातून, कधी लिहिली हे कॉम्प्युटर लक्षात ठेवतो. ओळ यांच्या खात्यातून लिहिलीय, झिप पाठवायच्या आदल्या दिवशी. पण मला शंका त्याआधीच आली होती. धाकटे साहेब, इथे भीतीने एकानेही पहाटेची झिप उघडली नाही. तुम्ही मात्र मला सांगितलंत, ती दवाखान्याच्या झिपेपेक्षा जड असते. पंचनाम्यातला आकार घेऊन पडताळून पाहिलंत तुम्ही. जड कशाने, हे तुम्हाला ठाऊक होतं. आणि तरी सही करा म्हणालात."

धाकट्यांनी दोन्ही तळहात टेबलावर टेकले.

"अलार्म सारखा वाजायचा," ते म्हणाले. "काही नसताना. नर्सेस वैतागल्या होत्या, डॉक्टर यंत्रं परत पाठवायला निघाले होते. दादा म्हणाला, मी सुधारतो, थोडा वेळ दे, पण काढू देणार नाही. मी म्हटलं, त्याला कळू न देता एवढ्या एका वेळी काढू. त्याने सुधारलं की घालू परत. मला वाटलं नव्हतं हो असं होईल."

"ते जाऊ द्या," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "अपघातानंतर रोज रात्री तुम्ही आमच्याकडे जेवायला होतात, भाऊजी. तुमचे दादा घास हातात धरून मला विचारायचे, मी पाठवायला विसरलो का गं? तुम्हालाही विचारायचे. तुम्ही काय म्हणायचात?"

धाकट्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

"म्हणायचात, होतं असं कधी कधी, दादा. आणि भात वाढून घ्यायचात."

बाईंनी अहवालाचं पहिलं पान काढून फाडलं. धाकट्यांना खाली गाडीकडे नेलं, तेव्हा त्यांनी सामानाच्या खोलीवरून जाताना कानांवर हात ठेवले. घरघर अजून चालूच होती.

बाई कपाटातला कॉम्प्युटर बंद करायला गेल्या, तर वहिनी मागोमाग आल्या.

"बंद करण्याआधी एकदा चालवता येईल?"

पार्सलताईने चालवून दिलं. झिप व्हायला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागला नाही. बाहेर पार्सलताईच्या टेबलावर मेल वाजली. झिप तयार आहे. उघडून बघा.

वहिनींनी स्वतः उघडली. फाईलींच्या नावांवरून बोट फिरवत खाली आल्या आणि एका नावावर थांबल्या. मग उठून त्या खिडकीपाशी गेल्या. तीन आठवडे कोणी हात लावला नव्हता तो स्वेटर त्यांनी खुर्चीवरून उचलला, घडी घातली.

"अहो," त्या रिकाम्या खुर्चीला म्हणाल्या, "विसरला नव्हतात तुम्ही."